जायकवाडीचे 65 टक्के धरणात शोधू नका!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच कमेंट, पन्नास नावांनी: 'दादा, नाथसागर साठ टक्क्यांवर, मग वरचे पाणी का सोडत नाहीत?' नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, आणि वरचे म्हणजे नाशिक-नगरकडची धरणं. त्याखाली लगेच निफाडकडचं कुणीतरी: 'आमच्या द्राक्षांच्या तोंडचं पाणी पळवता!' माझं घर पैठण तालुक्यात, आजोळ निफाड. त्यामुळे दिवाळीत कुठेही गेलो तरी बोलणी मलाच.

पाया झटपट उरकतो. 2005 चा कायदा, त्यातून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. नदीच्या खोऱ्यात पाण्याची तूट आली तर ती सगळ्यांनी वाटून सोसायची, हे कलम 12(6) मध्ये आहे. कुठल्या धरणांनी किती पाणी सोडायचं, याचा तक्ता मेंढेगिरी समितीनं बसवला, प्राधिकरणानं सुनावण्या घेऊन 19 सप्टेंबर 2014 ला आदेश दिला, 2016 मध्ये उच्च न्यायालयानं तत्त्व उचलून धरलं. 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांखाली असेल तर मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड या वरच्या धरणसमूहांतून त्या तक्त्याप्रमाणे पाणी खाली यायचं. बास.

आता तो 65. घोळ इथेच आहे.

हा आकडा धरणाच्या भिंतीवर मिळत नाही. 15 ऑक्टोबरचा उपयुक्त साठा, अधिक तोवर खरिपाला वापरलेलं पाणी. बेरीज!

(फळ्यावर)
जायकवाडीचा उपयुक्त साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, धरण भरल्यावर 2171 दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्याचे 65 टक्के म्हणजे साधारण 1411. समजा, धरणात 1300 आहेत. टीव्हीवर पट्टी फिरते: 'जायकवाडी 60 टक्के'. पण खरिपात कालव्यांतून 130 गेलेत. झाले 1430. रेषा ओलांडली, वरून थेंब येणार नाही. आणि तुम्ही मला कमेंटमध्ये विकला गेलास म्हणता.

डब्यातलं पीठ आठवा. आईला विचारलं, 'किती उरलंय?' तर ती डब्यात बघते. पण दोन जावांमध्ये वाटणी न्याय्य झाली का, हे बघायचं तर आजवर थापलेल्या भाकरीही मोजाव्या लागतात. पोटात गेल्या म्हणून हिशोबातून जात नाहीत.

मामाला हे पटवताना मी उलटं मांडलं. खरीप मोजलंच नाही असं धरा. मग खालच्यांनी सप्टेंबरात कालवे मोकळे सोडायचे, ऑक्टोबरात रिकामं धरण दाखवायचं आणि म्हणायचं, द्या पाणी! ज्यानं जपून वापरलं तो मूर्ख ठरला. मामा म्हणाला, 'हे बरोबर आहे.' काका म्हणाला, 'तू निफाडचाच.' काकाच्या मोसंबीच्या बागेत मला पुढचे दोन हंगाम फळ मिळालं नाही, ते जाऊ द्या.

म्हणून ऑक्टोबरात धरणाचा फोटो पाठवू नका. विचारायचंच असेल तर खरीप वापराचा आकडा विचारा. भांडण त्यावर व्हायला हवं.

एकानं लिहिलंय, 'प्राधिकरणच दरवर्षी पाणी दाबून ठेवतं.' अरे बाबा, प्राधिकरणानं नियम घालून दिला. सोडण्याचा आदेश काढतं गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ. 2023 ला साडेआठ टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोडं जास्त पाणी सोडायचा आदेश 30 ऑक्टोबरला निघाला. पाणी सुटायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. मध्ये आंदोलनं, कोर्टकचेऱ्या. इथे मात्र माझाही जीव जळतो. तोवर नदीपात्र कोरडं पडतं, आणि कोरडं पात्र आधी स्वतः पितं. महिनाभर घासाघीस करून शेवटी वाळूला पाजायचं!

टीएमसी आणि क्युसेकची गल्लत करणाऱ्यांसाठी एवढंच: टीएमसी म्हणजे किती पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट. 11,574 क्युसेकनं अखंड चोवीस तास सोडलं तर एक टीएमसी होतं. 'पाच हजार क्युसेक सुटले, पाच टीएमसी आलं' असं परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलं. माझ्याच गावच्या ग्रुपवर. ॲडमिन मीच आहे.

पुढच्या वेळी बाष्पीभवनावर बोलू. आत्ता थांबतो, मामाचा फोन येतोय. व्हिडिओ अजून टाकलाही नाही, कुणी सांगितलं कोण जाणे.