चेहरा मालकाचा, झगा कारागिरांचा : फ्रान्सिस चँट्री

मित्रहो, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, आपल्यापैकी बरेच जण गेलेले आहेत. तिथे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा पांढराशुभ्र पुतळा आहे, जॉन माल्कमचा आहे, चार्ल्स फोर्ब्सचा आहे. एल्फिन्स्टन म्हटलं की आपल्याला खडकीची लढाई आठवते, माल्कम म्हटलं की दुसरा बाजीराव त्याच्या स्वाधीन झाला ते 1818 साल आठवतं. इतिहासाशी आपलं भांडण आहे आणि ते असायलाच हवं. पण हे तिन्ही पुतळे लंडनच्या एकाच कारखान्यातून आले, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्या कारखान्याचा मालक इंग्रज शिल्पकार फ्रान्सिस लेगॅट चँट्री. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. कारखाना हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. तो का, ते पुढे येईलच.

चँट्रीचा जन्म 1781 चा, शेफिल्डजवळच्या नॉर्टन गावातला. आता नॉर्टन शेफिल्डमध्येच मिसळून गेलंय, तेव्हा ते डर्बिशरमधलं खेडं होतं. बाप सुतार, जोडीला थोडी शेती. पोरगं बारा वर्षांचं असताना बाप गेला. आईने दुसरं लग्न केलं आणि पोराला शेफिल्डात एका वाण्याच्या दुकानात चिकटवून दिलं. तिथे त्याचं मन रमेना. एका दुकानाच्या खिडकीत लाकडावरचं कोरीवकाम मांडलेलं त्याने पाहिलं आणि घरी हट्टच धरला, मला हेच शिकायचंय. 1797 मध्ये रॅम्सी नावाच्या माणसाकडे त्याची उमेदवारी सुरू झाली. चौकटी कोरायच्या, त्यांना सोनेरी मुलामा द्यायचा, असा या रॅम्सीचा धंदा. जॉन राफाएल स्मिथ नावाचे चित्रकार तिथे येत. त्यांनी पोराची आच ओळखली आणि त्याला चित्रकलेचे धडे दिले. उमेदवारीची मुदत संपायच्या आधीच, 1802 मध्ये, चँट्रीने 50 पौंड मोजून आपली सुटका करून घेतली. पौंड कुठून आणले, तर हातउसने. शेफिल्डमध्ये पेन्सिलीने लोकांची चित्रं काढून देण्याची जाहिरात त्याने वर्तमानपत्रात दिली, आणि मग लंडन गाठलं.

लंडनमधली सुरुवातीची वर्षं लाकूड कोरण्यात गेली. पुढे मोठा झाल्यावर चँट्री एकदा सॅम्युअल रॉजर्स या धनिक कवीकडे जेवायला गेला होता. रॉजर्सचं घर म्हणजे त्या काळातल्या रसिकांचा अड्डा. जेवणघरातल्या फर्निचरकडे बोट दाखवून चँट्रीने यजमानाला विचारलं, हे काम करणारा कारागीर आठवतो का? दिवसाला पाच शिलिंग घेणारा? तो मीच. हा किस्सा त्याच्या चरित्रात सगळीकडे सापडतो. मला त्यात आवडते ती त्याची बेफिकिरी. सर किताब मिळालेला माणूस (तो त्याला 1835 मध्ये मिळाला) बड्या लोकांच्या पंगतीत बसून आपली जुनी मजुरी सांगतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

त्या मजुरीचाच हिशेब पुढे नेऊ. 1820 च्या दशकात चँट्री एका अर्धपुतळ्याचे 200 गिनी घेत होता. गिनी म्हणजे 21 शिलिंग, म्हणजे एका डोक्याचे 4200 शिलिंग. जुन्या पाच शिलिंगांच्या रोजाने ही 840 दिवसांची कमाई झाली. वीसेक वर्षांत माणूस इथवर आला.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. 1809 मध्ये त्याने आपल्या चुलत नात्यातल्या मेरी अ‍ॅन वेलशी लग्न केलं. तिच्याकडे पैसा होता. त्यातून पिम्लिको भागात घर आणि कामाची जागा उभी राहिली. दुसरी गोष्ट 1811 ची. रॉयल अकॅडमी या लंडनमधल्या कलावंतांच्या संस्थेच्या प्रदर्शनात त्याने हॉर्न टूक या म्हाताऱ्या, बंडखोर राजकारण्याचा अर्धपुतळा ठेवला. त्या वेळचा सगळ्यात नावाजलेला अर्धपुतळेकार जोसेफ नॉलेकेन्स. त्याने हे काम पाहिलं आणि माझा एक पुतळा उचला, ही जागा याला द्या असं सांगितलं, असं म्हणतात. त्यानंतर कामं इतकी आली की चँट्रीला मागे वळून बघायला सवड मिळाली नाही.

आता त्याची पद्धत थोडी सविस्तर पाहू, कारण चँट्री नेमका काय होता ते तिथेच कळतं.

समोर गिऱ्हाईक बसलं की तो आधी मातीला हात लावत नसे. त्याच्याकडे कॅमेरा ल्युसिडा नावाचं छोटं उपकरण होतं. वोलॅस्टन या शास्त्रज्ञाने त्याचं पेटंट 1806 मध्ये घेतलं होतं. एका दांडीवर बसवलेला काचेचा लोलक, बस. त्यात डोळा लावला की समोरचा माणूस आणि खालचा कागद एकाच वेळी दिसतात, जणू चेहरा कागदावरच पडलाय. मग पेन्सिल फिरवायची. चँट्री अशी दोन चित्रं काढायचा, एक समोरून आणि एक बाजूने. यातली कितीतरी चित्रं आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत, आणि ती पाहिली की थक्क व्हायला होतं. नाकाची रेघ एकदाच ओढलेली, खोडरबराचं नाव नाही. मग त्या मापांवरून साहाय्यक मातीचा ढोबळ गोळा उभा करायचे. त्यानंतर गिऱ्हाईक पुन्हा यायचं आणि चँट्री स्वतः माती घडवायचा. त्याचं खरं काम हे. मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्यातून प्लास्टरची प्रत, आणि प्रतीवरचे बिंदू मापकाने मोजून संगमरवरात तेवढ्याच खोलीची भोकं पाडत जायचं. भोकं पडली की मधला दगड उडवायचा. हे काम पाथरवटांचं. उमेदीचा काळ सरल्यावर चँट्रीने स्वतः संगमरवरावर छिन्नी फारशी चालवली नाही.

या सगळ्या कारभारावर त्याचा मुकादम होता अ‍ॅलन कनिंगहॅम. हा स्कॉटिश माणूस मुळात दगडकामातला, आणि शिवाय कवी. 1814 पासून चँट्रीच्या मृत्यूपर्यंत तो तिथेच होता. पत्रव्यवहार, हिशेब, कारागिरांवर देखरेख, सगळं त्याच्याकडे. पुढे ब्राँझचे पुतळे ओतायला चँट्रीने स्वतःची भट्टीही उभारली. चँट्रीला नावं ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. हा स्वतः काय करतो? चेहरा करतो आणि बाकी नोकरांवर सोडतो. मला ही टीका पटत नाही, पण ती खोटी आहे असंही म्हणवत नाही. त्याच्या पूर्णाकृती पुतळ्यांत अनेकदा खांद्याच्या खाली जीव संपतो. अंगावरून एक मोठा झगा खाली सोडलेला असतो. तो आधुनिक कपडे झाकतो आणि कारागिराला सोपाही पडतो. मान वर करून चेहरा बघा, माणूस जागा असतो. नजर खाली आणा, कापडाचं दुकान लागतं.

चेहरा जागा कसा राहायचा, त्याचं एक उदाहरण. 1820 मध्ये स्कॉटिश कवी आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉट लंडनला आला असताना चँट्रीने त्याला अर्धपुतळ्यासाठी बसवलं. आधी त्याने गंभीर, कवीला शोभेलसा भाव धरला होता. पण स्कॉट न्याहरीला आला, गप्पा रंगल्या, गोष्टी सांगता सांगता त्याचा चेहरा बदलला, आणि चँट्रीने आपला बेत बदलून तो गप्पांतला स्कॉट मातीत धरला. थोडासा झुकलेला, ओठांच्या कोपऱ्यात मिस्कीलपणा. स्कॉटची पुढची कितीतरी चित्रं आणि पुतळे या डोक्यावरून निघाले. चँट्री गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचा ते याचसाठी. माणूस समोर बसला की आपोआप स्वतःचा पुतळा होऊन बसतो, आणि तो पुतळा चँट्रीला नको असायचा. रोममध्ये राहून प्राचीन मूर्तींवर हात घोटणं हे तेव्हाचं रीतसर शिक्षण, आणि ते त्याला कधी मिळालं नव्हतं. 1819 मध्ये तो इटलीला गेला, तिथल्या कानोव्हा आणि थोरवाल्डसन या नामांकित शिल्पकारांना भेटला, पण गेला तो तयार झालेला शिल्पकार म्हणून. देवदेवता आणि रूपकं यांत त्याला गोडी नव्हती. समोरचं माणूस त्याला पुरायचं.

याला मोठा अपवाद वाटावा असं त्याचं एक काम लिचफिल्डच्या कॅथीड्रलमध्ये आहे. खरं तर ते अपवाद नाहीच. ‘झोपलेली मुलं’ या नावाने ते ओळखलं जातं. एलेन जेन रॉबिन्सन नावाच्या बाईचा नवरा त्याच कॅथीड्रलमध्ये धर्मगुरू होता. तो गेला. मग एका मुलीच्या झोपायच्या कपड्यांना आग लागून ती गेली, आणि थोड्याच काळात दुसरी मुलगी आजाराने गेली. आई चँट्रीकडे आली. अ‍ॅशबोर्नच्या चर्चमध्ये टॉमस बँक्सने घडवलेली पेनेलोपी बूथबी ही झोपलेली मुलगी तिच्या डोळ्यांसमोर होती. चँट्रीने दोन बहिणी एका गादीवर, एकमेकींच्या कुशीत झोपलेल्या दाखवल्या. पंख असलेला देवदूत नाही, ओक्साबोक्शी रडणारी बाई नाही. गादीला पडलेला खळगा, मोठीच्या मानेखालून गेलेला हात, धाकटीच्या हातात स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलांचा झुबका. ती फुलं खुडून आणलेली दिसतात, म्हणजे काही वेळापूर्वी ही पोर बागेत हुंदडत होती, हे न सांगता कळतं. 1817 च्या प्रदर्शनात हे शिल्प ठेवलं तेव्हा लोकांची रीघ लागली, आया रडल्या. त्याच प्रदर्शनात कानोव्हाची शिल्पं होती, ती बाजूला पडली. या कल्पनेचं श्रेय कुणाचं यावर पुढे बराच वाद झाला. चित्रकार स्टॉथर्डचं नाव घेतलं गेलं. मी तो वाद इथे उकरत नाही, कारण ती गादी आणि ते दोन चेहरे ज्याने मातीत घडवले त्याबद्दल वाद नाही.

मोठी सरकारी कामंही पुष्कळ झाली. लंडनच्या हॅनोव्हर चौकात त्याने केलेला पंतप्रधान विल्यम पिटचा ब्राँझ पुतळा आहे, 1831 चा. तो बसवला तेव्हा सुधारणावाद्यांनी दोर बांधून तो पाडायचा घाट घातला. बातमी घेऊन कुणीतरी धावत चँट्रीकडे आलं. खालच्या खिळी शिशात पक्क्या बसवल्यात, कयामतपर्यंत ओढू द्या, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं म्हणतात. सुताराच्या पोराचं उत्तर ते. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेसाठी त्याने केलेला जेम्स वॉटचा पुतळा (तो आता तिथे नाही) इतका अवजड होता की आत नेताना फरशी खचली आणि खालच्या तळघरातल्या शवपेट्या दिसू लागल्या. घोड्यावरचे स्वार करताना त्याने एक तऱ्हा ठेवली, खोगीर नाही आणि रिकीबही नाही. ट्रॅफल्गार चौकात चौथा जॉर्ज राजा असाच बसलाय. हा पुतळा मुळात मार्बल आर्चच्या कमानीवर चढायचा होता. चँट्री वारल्यावर 1843 मध्ये तो चौकातल्या एका रिकाम्या चौथऱ्यावर तात्पुरता म्हणून बसवला. आजही तिथेच आहे. मद्रासला तिथला गव्हर्नर टॉमस मन्रोही असाच रिकीब नसलेल्या घोड्यावर. मद्रासकर त्यावर अजून गंमत करतात.

मद्रास काय, मुंबई काय, सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. त्यामुळे हे दगड आणि ही धातूंची धुडं आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्महिने जहाजाच्या पोटात पडून आली. एल्फिन्स्टन 1827 मध्ये मुंबई सोडून गेला होता. इथल्या माणसांना त्याचा चेहरा परत मिळाला तो पिम्लिकोतून, संगमरवरात. तो चेहरा आणि बाकीचा देह, दोन्ही आपापल्या जागी आहेत. माझं मत विचाराल तर मी तिथे कापडाकडे बघत नाही.

चँट्रीला बंदुकीचा आणि गळाचा नाद होता. नॉरफोकमध्ये होल्कमला कोक नावाच्या जमीनदाराकडे शिकारीला गेला असताना एकाच बाराने दोन वुडकॉक पडले. त्याने काय करावं? ते दोन पक्षी संगमरवरात कोरले, खाली लटकलेले, पिसं विस्कटलेली, आणि 1834 मध्ये यजमानाला भेट दिले. विद्वान मंडळींनी त्यावर लॅटिन, ग्रीक, इंग्रजीत कवितांचा पाऊस पाडला. त्यांचं पुढे पुस्तक निघालं. या साऱ्याकडे त्याने मजेत पाहिलं असणार.

25 नोव्हेंबर 1841 रोजी तो अचानक गेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत पडायची त्याला हौस नव्हती. नॉर्टनच्या चर्चच्या आवारात कबर त्याने आधीच बांधून ठेवली होती. मूलबाळ नव्हतं. मागे दीड लाख पौंडांच्या घरात मालमत्ता, आणि इच्छापत्रात अट अशी की पत्नीच्या मागे या पैशाच्या उत्पन्नातून चित्रं आणि शिल्पं विकत घ्यावीत, देशासाठी. मात्र ती ब्रिटनच्या किनाऱ्याच्या आत घडलेली हवीत. कलावंत कुठल्या देशाचा, हे त्याने विचारलं नाही. मेरी अ‍ॅन 1875 मध्ये वारली आणि खरेदी सुरू झाली. रॉयल अकॅडमीच्या मंडळींनी बहुतेक अकॅडमीच्याच भिंतींवरून माल उचलला. आपल्याच मित्रांची कामं आपल्याच हातांनी विकत घेता, असा ओरडा झाला. 1904 मध्ये ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाची समिती बसली. समितीने अकॅडमीला कानपिचक्या दिल्या, पण पैसे आणि निवड पुढेही तिच्याच हातात राहिली. मधल्या काळात 1887 मध्ये त्याच निधीतून जॉन सिंगर सार्जंटचं एक चित्र घेतलं गेलं. संध्याकाळच्या बागेत दोन छोट्या मुली कागदी कंदील पेटवताहेत. सार्जंट अमेरिकन होता. पण चित्र काढलं इंग्लंडमधल्या ब्रॉडवे गावात, म्हणून अटीत बसलं. ते आज टेट गॅलरीत आहे.