उधारीची वही आणि साताऱ्याची बँक

अध्यक्षांनी चाळीस मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे सत्तर वर्षांचा. म्हणजे दोन मिनिटांत साडेतीन वर्षं. जमेल असं वाटत नाही, पण बघू.

युनायटेड वेस्टर्न बँक. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात तिचं पासबुक अजून सापडेल, हळदीकुंकवाचं बोट लागलेलं. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९३६ साली ती साताऱ्यात काढली. त्याआधी १९१३ मध्ये याच गावात त्यांनी वेस्टर्न इंडिया विमा कंपनी उभी केली होती. मुंबईला न जाता, हे महत्त्वाचं! आजकाल साताऱ्यात पेढ्याचं दुकान काढायचं तरी पुण्याचा सल्लागार बोलावतात.

तर माझा मुद्दा असा की बँकेची खरी पुंजी तिजोरीत नसते, माणसं ओळखण्यात असते. ही गोष्ट काहींनी माझ्या तोंडून ऐकलेली आहे, त्यांनी खुशाल चहाला जावं.

वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. १९७४ साली त्यांना मिरची कांडप यंत्र घ्यायचं होतं, म्हणून कर्जाचा अर्ज केला. एका सकाळी बँकेचे साहेब आले आणि गोणीवर बसले. वडिलांनी गल्ला उघडून दाखवला, तर म्हणाले, "तो राहू द्या. उधारीची वही काढा."

लाल कापडी बांधणीची लांबट वही. साहेबांनी तासभर पान न् पान पाहिलं. आकडे नाही हो, रेघा! उधारी फिटली की वडील नावावर आडवी रेघ मारायचे. कोणाची रेघ किती दिवसांनी पडली, ते साहेब बघत होते. एका नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "यांची आठ महिने का राहिली?" वडील म्हणाले, "मुलगी बाळंतपणाला आली होती, मागितले नाहीत." साहेबांनी वही मिटली. कर्ज मंजूर झालं. यंत्र आल्यावर ते पाहायला आले, तेव्हा मिरचीच्या खकाण्याने सतरा वेळा शिंकले. सतरा मी मोजल्यात.

गेल्या वर्षी माझा मुलगा एका बँकेत गेला, नाव घेत नाही. समोरच्या पोराने मान वर न करता सांगितलं, "सर, सिस्टिम घेत नाहीये." सिस्टिमला गोणीवर बसायला सांगा म्हणावं!

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

मग पटापट. १९५६ साल आपल्या गावाला मोठं गेलं. विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, चिरमुल्यांची विमा कंपनी आयुर्विमा महामंडळात गेली आणि त्याच वर्षी सातारा स्वदेशी कमर्शियल बँक आपल्या बँकेत आली. १९६९ ला पन्नास कोटींहून जास्त ठेवींच्या चौदा बँका सरकारने घेतल्या, १९८० ला आणखी सहा. आपली लहान, म्हणून दोन्ही वेळा सुटली. पुढे १९८५ ला मिरज स्टेट बँक युनियन बँकेत गेली, आपली मात्र स्वतंत्र राहिली. शेवटी शेवटी नऊ राज्यांत सव्वादोनशेच्या वर शाखा झाल्या होत्या. आता नऊ राज्यांतल्या उधारीच्या वह्या कोण वाचणार? थकीत कर्जं वाढली, भांडवल आटलं. कारणं जाणकार पुष्कळ सांगतील. माझं आपलं एवढंच म्हणणं की ओळख संपते तिथे कर्ज थांबवावं. यावर अर्थशास्त्राचे प्राध्यापक हसतात. हसू देत.

२ सप्टेंबर २००६, शनिवार. घरोघरी गणपती बसलेले, आणि आपल्या बँकेवर निर्बंध आले. दहा हजारांवर रक्कम काढता येणार नाही. मुदत तीन महिन्यांची होती, पण महिन्यातच निकाल लागला. आयडीबीआयने भागधारकांना शेअरमागे अठ्ठावीस रुपये देऊन बँक घेतली. ठेवीदारांचा पैसा बुडाला नाही, हे मात्र स्वच्छ सांगतो. पुढच्या एप्रिलमध्ये १९१६ ची सांगली बँकही आयसीआयसीआयमध्ये गेली. सात-आठ महिन्यांत कृष्णाकाठच्या दोन्ही घरच्या बँका संपल्या. यावर खरं तर मला बोलायचं होतं.

दुसरी चिठ्ठी. एकच मिनिट, गोष्ट पुरी करतो.

त्या गणपतीत साहेब दुकानात आले. कधीच निवृत्त झालेले, हातात काठी. दोन किलो साखर, रवा, वेलची घेतली आणि म्हणाले, "लिहून ठेवा." वडील गडबडले, "साहेब, दहा हजार तर मिळतात ना?" "मिळतात हो. पण तुमच्या वहीत एकदा माझं नाव बघायचं होतं."

वडिलांनी लिहिलं. २ ऑक्टोबरला दसरा झाला, तीनला विलीनीकरण झालं आणि त्या आठवड्यात साहेब पैसे घेऊन आले. वही माझ्याकडे आहे. त्या नावावरची रेघ जरा वाकडी आलीय.