दोन मोठे सेल

(बाथरूम. नळ सुरू. आवाज: टक-टक-टक-टक.)

पाणी वाहतंय, गॅसचा गीझर टकटक करतोय, ज्योत काही पेटत नाही. डोक्याला शाम्पू लावून बसलेला माणूस आधी सिलिंडरला शिव्या घालतो. थांबा. गीझरच्या खालच्या बाजूची ती छोटी डबी उघडा. आत दोन जाडजूड सेल आहेत. ते उतरले की ठिणगी कशीबशी पडते, पण गॅसची झडप उघडी धरायला जोर उरत नाही.

दुकानात जाऊन 'दोन मोठे सेल द्या' म्हटलं, की दुकानदार विचारतो, 'बॅटरीचे ना?' आपल्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. तिच्यात घालायचे ते सेल. घड्याळात जातो तो पेन्सिल सेल.

(पितळी बॅटरी, जवळून.)

ही आमच्या आजोबांची, तीन सेलची. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की हिला काखेत धरून ते दारं धरायला जायचे. बटण दाबायचं, बांध बघायचा, लगेच बंद. काटकसर तर होतीच, पण या सेलला मधूनमधून विसावा मिळाला की तो थोडा सावरतोही.

(उभा कापलेला सेल.)

बाहेरचा डबा जस्ताचा, तेच ऋण टोक. मधोमध कार्बनची कांडी. लहानपणी आम्ही ती उपसून फरशीवर रेघोट्या मारायचो, हात कोपरापर्यंत काळे. कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा लगदा, सोबत नवसागर किंवा झिंक क्लोराइड. १८६६ मध्ये फ्रान्सच्या लक्लांशेनं हीच जोडी काचेच्या बरणीत, ओल्या स्वरूपात जमवली होती. पुढे १८८०च्या दशकात जर्मनीच्या गासनरनं ती कोरडी केली. वीज देता देता हा जस्ताचा डबाच झिजत जातो. म्हणून उतरलेला सेल पाझरतो.

रेडिओचा आवाज बसला की आजी सेल उन्हात ठेवायची. संध्याकाळच्या बातम्यांपुरते ते चालायचे. नवी वीज भरत नसे, उबेनं आतली क्रिया तेवढ्यापुरती जोर धरायची. चुलीजवळ मात्र सेल कधीही ठेवू नका.

आता घ्यायचे कुठले? साधा जस्ताचा सेल स्वस्त आणि हलका. अल्कलाइन महाग, वजनाला साधारण १४० ग्रॅम, आणि सलग जास्त वीज ओढणाऱ्या वस्तूला तोच पुरतो: तासन्‌तास वाजणारा मोठा टेप, मोटारीचं खेळणं. गीझर घोटाघोटानं पितो, त्याला साधेही चालतात. पण गीझरच्या पुस्तिकेत अल्कलाइन लिहिलं असेल, तर तिथे पैसे वाचवू नयेत.

चार्ज होणाऱ्या मोठ्या सेलमध्ये मात्र फसगत असते. साधा सेल दीड व्होल्टचा, हा १.२ चा. म्हणजे गीझरला ३ च्या जागी २.४ व्होल्ट, पहिल्या दिवसापासूनच कमी. त्यातून काही सेलांत मोठ्या कवचाच्या आत पेन्सिल सेलच बसवलेला असतो! पुडक्यावर एमएएच वाचा, म्हणजे सेलात किती वीज मावते तो आकडा. दोन-अडीच हजार लिहिलं असेल, तर तुम्ही बहुतेक पोकळीचे पैसे मोजताय. हातात घेतल्यावरही तो संशयास्पद हलका लागतो.

आणि एक नवा, एक जुना अशी जोडी लावू नका. जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून वीज रेटत राहतो, आणि जुना फुटून पाझरतो.

(गीझर. भुस्स. निळी ज्योत. पुन्हा पितळी बॅटरी.)

आजोबा गेले तेव्हा यातले तीन सेल कुणी काढलेच नाहीत. मागचं झाकण अजून सहज फिरतं. स्प्रिंगवर पांढरी भुकटी, नळीला आतून हिरवा थर. सेल फुगून बसलेत. मी उलटी धरून आपटून पाहिली, सांडशीनं ओढून पाहिलं. निघत नाहीत.