पहिला मेटल डिटेक्टर घेताना

नमस्कार श्रोतेहो.

ऑगस्ट सरत आला की इंग्लंडच्या शेतांत गव्हाची धसकटं तेवढी उरतात. पुढच्या पेरणीपर्यंत रान मोकळं असतं. मग कानाला हेडफोन लावून, हातातली दांडी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत चाललेली माणसं दिसू लागतात. इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकीही कुणाकुणाला हा छंद खुणावतो, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: मेटल डिटेक्टर कुठला घेऊ?

माझा उलट प्रश्न असतो, की तो फिरवणार कुठे?

टाळाटाळ म्हणून नाही विचारत. २००९ च्या जुलैमध्ये स्टॅफर्डशरमधल्या हॅमरविच गावाजवळ टेरी हर्बर्ट नावाच्या माणसाला सातव्या शतकातलं अँग्लो-सॅक्सन सोनं सापडलं. तलवारींच्या मुठींवरचे सोन्याचे तुकडे, त्यांत बसवलेले लाल गार्नेटचे खडे, असा किलोंनी मोजावा लागणारा ऐवज. त्याची किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. आणि त्याचं यंत्र? जुन्या वस्तूंच्या बाजारातून अडीच पौंडांना घेतलेला जुनापुराणा डिटेक्टर, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. तुम्हीही अडीच पौंडांचाच घ्या, असं मी म्हणत नाही. पण जमिनीत नसलेलं सोनं हजार पौंडांच्या यंत्रालाही सापडत नाही.

तेव्हा आधी जमीन. इथे मोकळी दिसणारी जमीनही कुणाच्या तरी मालकीची असते, आणि मालकाची परवानगी लागतेच. ती लेखी घ्यावी. बागा बहुधा कौन्सिलच्या असतात, आणि अनेक कौन्सिलांना हे चालत नाही. जुने वाडे-बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या जागाही विसरा. संरक्षित पुरातन स्थळी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं हा १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. लंडनकरांनी विशेष लक्षात ठेवावं: ओहोटीला उघड्या पडणाऱ्या थेम्सच्या काठावर नुसत्या डोळ्यांनी शोधायचं असलं, तरी पोर्ट ऑफ लंडन ॲथॉरिटीचा परवाना लागतो. मी सांगतोय हे सगळं इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत.

समजा, ओळखीतून एखादा शेतकरी तयार झाला, किंवा तुमचं घर ब्राइटनला आहे आणि किनारा पायाखाली आहे. शेतात फिरणारा आणि किनाऱ्यावर फिरणारा, या दोघांनी एकच यंत्र घ्यायचं कारण नाही, आणि का ते कळायला यंत्राच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

दांडीच्या टोकाला जी तबकडी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. वाटेत धातू आला की त्याच्यात बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचा प्रतिसाद दुसरं वेटोळं टिपतं. हा प्रतिसाद किंचित उशिरा येतो, आणि लोखंड, शिसं, चांदी यांचा उशीर सारखा नसतो. त्या फरकावरून यंत्र एक आकडा दाखवतं, बहुतेक यंत्रांत ० ते ९९ च्या दरम्यान.

आता फ्रीक्वेन्सी, म्हणजे ते चुंबकीय क्षेत्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा. हजार वेळा म्हणजे एक किलोहर्ट्झ. चार-पाच किलोहर्ट्झवर चालणारं यंत्र मोठी, खोलवरची चांदी-तांब्याची नाणी छान पकडतं. वीसच्या पुढचं यंत्र सोन्याच्या बारीक कणालाही दाद देतं. इंग्लंडच्या शेतात मिळणारी मध्ययुगीन चांदीची नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली, पातळ आणि बारकी असतात. कधी तर एकाच नाण्याची कापून केलेली दोन किंवा चार शकलं सापडतात. त्यांच्यासाठी मधली, म्हणजे १० ते १५ किलोहर्ट्झची फ्रीक्वेन्सी सोयीची पडते.

समुद्रकिनाऱ्यावर वेगळंच त्रांगडं होतं. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे एकाच फ्रीक्वेन्सीचं यंत्र तिथे उगाच बडबडत सुटतं. कोरड्या वाळूत ते निमूट चालतं, पाण्याच्या रेषेशी आलं की बिथरतं. म्हणून किनारेवाल्यांनी एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं यंत्र घ्यावं. पल्स इंडक्शन नावाचा आणखी एक प्रकार खाऱ्या वाळूत खोल जातो, पण लोखंड कुठलं आणि सोनं कुठलं हे तो धड सांगत नाही. प्रत्येक गंजक्या खिळ्यासाठी फूटभर खड्डा खणायची हौस असेल तर घ्या. पहिलं यंत्र म्हणून मी सुचवणार नाही.

नावं ऐकायची आहेत ना? दोनशे ते साडेतीनशे पौंडांच्या आसपास नवशिक्यांना पुरेसं मिळतं. तुर्कस्तानच्या नोक्ता कंपनीचं सिंप्लेक्स १२ किलोहर्ट्झवर चालतं आणि पाण्यात बुडालं तरी बिघडत नाही. या देशातला पाऊस पाहता ही चैन नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या मिनलॅबचं व्हँक्विश अनेक फ्रीक्वेन्सीचं, त्यामुळे किनाऱ्याला चांगलं; मात्र त्याची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा भिजवायचा नाही. अमेरिकेच्या गॅरेटची एस मालिका जुनी, साधी, दणकट. शेत मिळालं असेल तर मी सिंप्लेक्स घेईन, किनारा असेल तर व्हँक्विश. जुनं यंत्र घ्यायलाही हरकत नाही. फक्त बॅटरीचा कप्पा उघडून आत हिरवट गंज नाही ना ते पाहा, आणि कॉइलवर बोटाने टिचकी मारून पाहा. टिचकीसरशी यंत्र ओरडलं तर मुकाट्याने परत करा. इंटरनेटवर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या 'नव्या'पासून लांब राहा. या नामवंत कंपन्यांचा नकली माल बाजारात आहे.

'किती खोल जातं?' हा प्रश्न दुकानात विचारू नका. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीवर सापडली तरी यंत्र चांगलं म्हणायचं. दूर उभं राहून, जमिनीत कित्येक मीटर खाली सोनं दाखवणाऱ्या अँटेनावाल्या कांड्या विकल्या जातात. आपल्याकडे गुप्तधन दाखवतो म्हणणारे असतात, त्यांचीच ही बॅटरीवरची आवृत्ती. अशाच एका पोकळ कांडीला बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. ती कांडी मुळात हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं होतं!

सगळे पैसे यंत्रात घालू नका. पिनपॉइंटर, म्हणजे हातात मावणारा छोटा डिटेक्टर, हवाच. खणलेल्या मातीच्या ढेकळात वस्तू नेमकी कुठे आहे ते तो दाखवतो. नाहीतर चिखल चाळण्यात दुपार जाते. भक्कम छोटं फावडं हवं आणि हेडफोन हवेत. खोलवरचा सिग्नल फार क्षीण असतो, वाऱ्यात तो उघड्या कानाला ऐकूही येत नाही. शिवाय तुमच्या टूं-टूंचा इतरांना त्रास नको.

पडद्यावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. थंड पेयाच्या डब्याची ती ओढायची कडी आणि सोन्याची अंगठी, दोन्हींचे आकडे बऱ्याचदा सारखेच येतात. कचरा नको म्हणून कडीचा आकडा बंद केलात, तर अंगठीही गेली. कान तयार व्हायला वेळ लागतो. तोवर सगळं खणायचं. बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, शिशाच्या गोळ्या, कोटाची बटणं, ॲल्युमिनियमचे चुरगळलेले पत्रे, हेच जास्त निघणार. गोल आणि निबर काही लागलं आणि ते बॉम्बसारखं वाटलं, तर मात्र हात लावू नका. लांब व्हा आणि पोलिसांना फोन करा.

आणि खरंच काही निघालं तर? १९९६ चा ट्रेझर ॲक्ट नीट वाचून ठेवा. तीनशे वर्षांहून जुनी, निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा एकत्र सापडलेली तशी दोन नाणी, ही 'ट्रेझर' ठरते. हे ध्यानात आल्यापासून १४ दिवसांत कोरोनरला कळवावं लागतं. हो, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो तोच कोरोनर! सुटं एकच नाणं सहसा यात येत नाही. संग्रहालयाने ठेवून घेतलेल्या वस्तूचं बक्षीस साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. बाकीच्या जुन्या वस्तूंची नोंद ब्रिटिश म्युझियम चालवत असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे करता येते, आणि करावी.

१९९२ च्या नोव्हेंबरात सफकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज हा माणूस मित्राचा शेतात हरवलेला हातोडा शोधत होता. लागली ती रोमन सोन्याचांदीची रास, सुमारे १५,००० नाणी, वर चमचे आणि दागिने. थोडं वर काढल्यावर त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेलं जसंच्या तसं उचललं, म्हणून तो खजिना कशा पेटीत कसा रचला होता हेही कळलं. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं. हातोडाही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.

सुटीत गावी जाताना हे यंत्र बॅगेत घालून न्यावं, गडाच्या पायथ्याशी एखादी शिवराई मिळेल, असं मनात येत असेल तर आत्ताच काढून टाका. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यांवर उकरणं हा तर सरळ गुन्हा. आणि सह्याद्रीच्या बेसाल्टात, कोकणच्या जांभ्या मातीत लोहखनिज एवढं असतं, की ते यंत्र तिथे तसंही गोंधळून जाईल.

यंत्र घरी आलं, की शेतावर धावू नका. मागच्या अंगणात एक खिळा, एक ओढायची कडी, थोडी ॲल्युमिनियमची फॉइल आणि एक नाणं, असं हातभर अंतरावर, बोटभर खोल पुरा आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवत प्रत्येकाचा आवाज ऐका. नाणं मात्र १९९२ पूर्वीचं पेनीचं शोधून घ्या. त्यानंतरच्या पेनीत वरून तांबं आणि आत पोलाद असतं, २०१२ पासूनची पाच आणि दहा पेन्सची नाणीही पोलादीच आहेत. ती यंत्राला लोखंडासारखी ऐकू येतात. खात्री नसेल तर फ्रिजवरचं चुंबक लावून पाहा: चिकटलं, तर ते नाणं परत खिशात.