ढिगाच्या वरची संत्री

(सांख्यिकी दिनानिमित्त नागपूर येथे महाविद्यालयीन शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, २९ जून हा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस २००७ पासून आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. आज मला प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांविषयी बोलायचे आहे. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन ते अचूक काढतात. परंतु पुस्तकातले ते आकडे कोणी, कुठून आणि कसे गोळा केले, असे विचारले की वर्ग गप्प होतो. माझ्या मते संख्याशास्त्राची खरी सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी आणि त्यासाठी विद्यार्थ्यांनी स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतः आकडे गोळा करण्याला पर्याय नाही.

आंबिया बहाराच्या दिवसांत माझ्या चार विद्यार्थ्यांनी कळमना बाजारातल्या संत्र्यांचे सरासरी वजन काढायचे ठरवले. साठ फळे तोलून, दोन दशांश स्थळांपर्यंत सरासरी काढून ते वर्गात आले. गणितात चूक नव्हती. फळे कशी निवडली, हे मात्र त्यांच्या वहीत कुठेच नव्हते आणि मी मुद्दाम काही बोललो नाही. काटोलकडची, घरी संत्र्याची बाग असलेली एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, हे तं वरचेच फळं घेतले जी." ढीग लावताना मोठी, चकचकीत फळे वर ठेवतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात त्या चौघांनी अडतियाची परवानगी घेतली, क्रेटना क्रमांक दिले, यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम नसलेल्या, संख्यांच्या तक्त्यावरून काही क्रेट निवडले आणि त्यांतले प्रत्येक फळ तोलले. सरासरी खाली आली. नमुना चौपट केला तर प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक सरासरीत पडणाऱ्या फरकाचे माप, निम्मी होते, हे सूत्र त्यांना पाठ होते. पण ढिगाच्या वरची आणखी कितीही फळे तोलली तरी निवडीतली अभिनती, म्हणजे एकाच बाजूला झुकलेली चूक, तसूभरही हलत नाही, हे त्यांना त्या दिवशी समजले.

ही चूक नवशिक्यांचीच असते असे नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांविषयी, म्हणजे शेताचा ठरावीक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याविषयी, दाखवून दिले की, कापणीचा तुकडा फार लहान असला तर सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगलेले दिसते. या मुद्द्यावर खुद्द महालनोबिसांशी त्यांचा मतभेद होता. मी हा वाद संत्र्यांच्या प्रसंगानंतरच शिकवतो, कारण तोवर मुलांना त्यातली निकड जाणवत नाही.

अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, ही आपली अडचण खरी आहे. माझा अनुभव असा की हाताने करायची आकडेमोड कमी केली, ती संगणकावर सोपवली, तर प्रकल्पासाठी पाच-सहा आठवडे निघतात. त्यांतला पहिला आठवडा निव्वळ प्रश्न घासण्यात जाऊ द्यावा आणि दुसरा छोट्या पूर्वचाचणीत. बंगालमधील तागाच्या पाहणीत महालनोबिसांनीही आधी लहान प्रमाणावर चाचपणी करून मगच व्याप वाढवला होता. 'फरक आढळला नाही' असा निष्कर्ष निघाला की मुले खट्टू होतात, काही जण आकडे झाकू पाहतात. म्हणून निष्कर्षाला गुण नाहीत, नोंदवहीला आहेत, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो. त्या चौघांच्या नोंदवहीत पहिली सरासरी एका रेघेने खोडलेली होती, शेजारी तारीख आणि खोडण्याचे कारण होते. त्या पानाला मी पूर्ण गुण दिले.