तीनदा विकलेला मेंढा अन् शाळेवरचं सोलर

हा जो मेंढा बघताय ना, गळ्यात हार, कपाळावर गुलाल, हा एका रात्रीत तीनदा विकला गेलाय. यात्रेतला लिलाव आहे हा. आमच्याकडं पद्धतच आहे, जो बोली जिंकतो तो पैसे मोजतो अन् मेंढा परत देवापुढं आणून बांधतो, की पुन्हा बोली सुरू. फरक एवढाच की यंदा मागं बॅनर होतं, जिल्हा परिषद शाळा, सोलर निधी.

आटपाडी तालुक्यातली ही वाडी. माणदेश म्हणजे पाऊस बेताचा अन् ऊन मात्र म्हणाल तेवढं. ढालगावकडं जाताना डोंगरावर पवनचक्क्या गरगरताना दिसतात, अन् इथं वाडीत शाळेतला पंखा बंद, कारण बिल थकलं म्हणून लाईन कापलेली. आता बिल भरायचं कशातनं? समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान पटावर मिळतं, 30 पोरांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये, त्यातच खडू, त्यातच डागडुजी, त्यातच झाडू-फिनेल अन् उरलंच तर लाईटबिल. भिंतीवरचा हा टीव्ही माजी विद्यार्थ्यांनी दिलेला, त्याच्यावरचं प्लॅस्टिक वर्षभर निघालंच नव्हतं.

मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बायकांनी विषय धरला. कायद्यानं या समितीत पाऊण हिस्सा पालक असतात अन् निम्म्या बायका, पण बहुतेक गावात त्या सहीपुरत्या असतात, इथं तसं चाललं नाही. सबसिडीची चौकशी झाली. पीएम सूर्यघर या छपरावरच्या सोलरच्या सरकारी योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार मिळतात खरं, पण ते घराला, शाळेला नाही. म्हणजे वर्गणी. अन् आमच्या भागात वर्गणी म्हणजे गलाईवाले! आमची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, केरळ म्हणू नका पंजाब म्हणू नका. व्हॉट्सॲपवर पडक्या वर्गाचा एक फोटो टाकला अन् दोन दिवस सरपंचांच्या मोबाईलची टिंगटिंग थांबेना. बाकी ऑर्केस्ट्राची एक रात्र कमी केली, बचत गटानं हात लावला, अन् मेंढा तर तुम्ही बघितलाच.

आता इथं एक फसगत होता होता वाचली, ती सांगतोच कारण ती सगळ्या गावांच्या कामाची आहे. पहिला जो सोलरवाला आला त्यानं ऑनग्रिडचं, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाईनीला (ग्रीडला) जोडायच्या सोलरचं कोटेशन दिलं, स्वस्तातलं, सगळे खूश. बैठकीत मागं बसलेला वाडीतलाच एक वायरमन म्हणला, लाईट गेल्यावर हे चालतंय का? तर नाही चालत! वर कडक ऊन असलं तरी ग्रीड बंद झालं की ऑनग्रिडचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, कारण खांबावर कुणी काम करत असेल तर त्याला उलटा शॉक बसायला नको. बरोबरच आहे ते, पण आमच्याकडं लाईट जाते ती नेमकी शाळेच्याच टायमाला. मग लाईट गेली तरी बॅटरीवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर, चार बॅटऱ्या, अन् दुसऱ्यांदा वर्गणी. दुसऱ्यांदा मागताना तोंडं वाकडी झाली, नाही असं नाही.

हे पॅनल चढवताना बघा. एकेक 550 वॉटचं, उंचीला माणसापेक्षा मोठं, वजन पंचवीस किलोच्या वर. क्रेन कुठली आणायची, म्हणून कडब्याच्या गाडीची शिडी, सोल म्हणजे जाड दोर अन् खाली सहा गडी. वरनं एकजण ओरडतोय, काच हाय रं, काच हाय! तोंड दक्षिणेला, उतार जेमतेम, कारण आपल्याकडं सूर्य बऱ्यापैकी डोक्यावरच असतो. हे खड्डे अर्थिंगचे, तीन वेगवेगळे, त्यातला एक वीजरोधकाचा. अशी सहा पॅनल, म्हणजे 3.3 किलोवॅट. चांगल्या उन्हाच्या दिवशी 12-13 युनिट पडतात.

शाळेला निम्मी वीजसुद्धा लागत नाही, बाकीची नेट मीटरमधनं (येणारी अन् जाणारी दोन्ही वीज मोजणारं मीटर) पुन्हा जोडलेल्या लाईनीवर बाहेर जाते अन् खात्यावर जमा होते, मे महिन्यात शाळा बंद तरी मीटर कमावतंय, हिशोब 31 मार्चला. टीव्ही चालतो, पंखे चालतात, बिलाचं टेन्शन गेलं.

ही शनिवारची सकाळची शाळा. गुरुजी शिडीवर, हातात लांब दांड्याचं फडकं, पोरं खालनं पाईप धरून उभी. पॅनल ऊन चढायच्या आत धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही हे आता पहिलीतलं पोरगंही सांगतं. माणदेशाची धूळ, आठवड्यात बोटानं नाव लिहिता येईल एवढा थर बसतो.

अन् हा व्हरांड्यातला फळा. वर वार, तारीख, सुविचार, खाली पट, हजर, गैरहजर, अन् त्याच्या खाली चौथीतली एक पोरगी रोज शाळा सुटताना इन्व्हर्टरवरचा त्या दिवसाच्या युनिटचा आकडा लिहिते. ढगाळ दिवशी तिनं 4 लिहिलं होतं, तर ज्यानं शेवटच्या बोलीत मेंढा घेतला होता तो रस्त्यानं जाताना गाडी थांबवून आत आला, चारच का पडले म्हणून विचारायला.