शकुंतलेच्या वाटेवरचं स्टेशन

फलाटावर सोयाबीन वाळत घातलंय. भिंतीला पऱ्हाट्यांचा ढीग लावलाय. तिकीटखिडकीचे गज शाबूत आहेत. खालची फळी मात्र मधोमध झिजून खोलगट झालीय. बोट फिरवलं की कळतं, किती हातांनी इथं चिल्लर सरकवली असेल.

दारव्हा ते यवतमाळच्या मधलं हे लहान स्टेशन. गाडी मूर्तिजापूर-यवतमाळ पॅसेंजर. लोकांच्या तोंडी मात्र शकुंतलाच.

गवत बाजूला केलं की रूळ दिसतात. दोन्हींमधलं अंतर अडीच फूट. मूर्तिजापूरहून इकडं यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, तिकडं अचलपूरपर्यंत ७६. लाइन टाकली ती कापसासाठी. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर चढायच्या, मुंबई बंदरातून मँचेस्टरच्या गिरण्यांकडं जायच्या. पुढं शकुंतलेला ओढायला आलेलं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ च्या बनावटीचं. १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते राबलं. मग डिझेल आलं.

मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. देशातली रेल्वे सरकारजमा झाली, तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे!

आता हे फाटक बघा. इथं गेटमनची चौकी नाही, कारण गेटमन गाडीतूनच यायचा. फाटकाच्या अलीकडं गाडी थांबायची. तो खाली उतरून दोन्ही बाजूंची फाटकं ओढून घ्यायचा, झेंडी दाखवायचा. गाडी सावकाश रस्ता ओलांडून पुन्हा थांबायची. फाटकं उघडून तो धावत डब्यात चढायचा. दर फाटकाला हेच. स्टेशनात बाबू नसला, तर तिकिटं गार्डच फाडायचा. मोजक्या माणसांनी अख्खी रेल्वे चालवली, हे विसरता कामा नये.

रूळ खचत गेले, वेग उतरला, गाडी बंद झाली. एसटीपेक्षा स्वस्त प्रवास गेला.

लाइन ब्रॉडगेज व्हावी म्हणून इथल्या लोकांनी आंदोलनं केली. ब्रॉडगेज व्हायलाच हवी. पण नवे रूळ टाकताना ही खिडकी, हे फाटक पाडू नका. एवढं तरी जागेवर ठेवा.

कापसानं भरलेला ट्रॅक्टर येतोय. चालक रुळांपाशी वेग कमी करतो, डावीकडं बघतो, उजवीकडं बघतो, आणि मगच पुढं जातो.